कडू असेल तर कडू लिही

तारनाका, हैदराबाद
२५ सप्टेंबर २०२५

त्रिवेणी,

फोन ठेवला आणि लगेच कागद पुढे ओढला. दहा मिनिटं मी "सीताफळ, सीताफळ" म्हणून ओरडत होते आणि तू विचारत होतीस, "सीता पडली? कुठली सीता? कुठं पडली?" शेजारच्या पद्मागारू खिडकीतून डोकावून गेल्या, घरात भांडण लागलं की काय ते बघायला. आता पुरे. शाळेत बाकाखालून चिठ्ठ्या द्यायचो तशा पुन्हा सुरू करू. तुझे कान रुसले असतील, डोळे तर शाबूत आहेत.

कुरिअरने दोन बाटल्या पाठवल्यात. सीताफळाचा जॅम आहे, मी केलेला. आंब्याचा, अननसाचा सगळीकडे मिळतो. सीताफळाचा कधी पाहिलास? मीही नाही. दसऱ्याच्या सुमाराला महबूबनगरकडून टोपल्याच्या टोपल्या येतात, दोन दिवसांत मऊ पडतात, तिसऱ्या दिवशी काळ्या. दोन-अडीच महिन्यांचं सुख, मग वर्षभर नाव नाही. मनात आलं, याला बाटलीत बसवायचंच. तीस वर्षं मुलींना रसायनशास्त्र शिकवलं, जॅम म्हणजे दुसरं काय आहे? साखर, आंबटपणा, पेक्टिन आणि उष्णता. पारा एकशे पाचला गेला, गार ताटलीवर थेंब टाकला, बोटाने ढकलल्यावर त्याला सुरकुती पडली की झालं. बिया मात्र एकेक हाताने काढल्या. मिक्सरमध्ये घातल्या तर सगळं नासतं.

आमच्या मराठी मंडळाचे केशवराव दिवाळीची विक्री भरवतात ना, त्यांना तीस बाटल्या कबूल केल्यात. बारा ऑक्टोबरला रविवारी विक्री आहे. मुलगा-सून, आशिष आणि प्रिया, कोंडापूरला राहतात आणि दोघांनी साखर सोडलीय, तेव्हा चव घ्यायला तूच. मला कौतुक नको, मत हवंय. बारा तारखेच्या आत लिही.

तुझी,
सरोज


उदगीर
१ ऑक्टोबर २०२५

सरोज,

बाटल्या पोचल्या, एकही फुटली नाही. तुझं अक्षर बघून बरं वाटलं. अजून तसंच आहे, सरळ रेषेत उभ्या केलेल्या पोरींसारखं.

जॅम फार छान झालाय. रंग किती सुरेख आला, गुलाबीसर. बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा नीट. आमच्या सूनबाईने, रेणूने, पोळीला लावून विकासला डब्यात दिला. तो दुकानातून आला तेव्हा डबा रिकामा होता. मीही घेतला. तू एवढ्या मेहनतीने बिया काढल्यास, माझ्याने ते झालं नसतं. मंडळात हातोहात जाईल बघ.

इथं दसऱ्याची गडबड आहे. कानातलं यंत्र मी कपाटात ठेवून दिलंय, त्यात माणसांपेक्षा पंखाच जास्त ऐकू येतो. घरात सगळे जेवताना हसतात, मी पण हसते. कशाला ते ठाऊक नसतं.

दसऱ्याचं सोनं कागदातूनच घे.

त्रिवेणी


तारनाका
१३ ऑक्टोबर २०२५

त्रिवेणी,

काल विक्री झाली. काय झालं ते जसंच्या तसं लिहिते.

अठ्ठावीस बाटल्या मांडल्या होत्या. मी स्वतः टेबलामागे उभी होते, जरीची साडी नेसून. पहिल्या बाईंनी चमचा तोंडात घातला आणि चेहरा तसाच धरून ठेवला. "वेगळं आहे" म्हणाल्या आणि पापडांच्या टेबलाकडे गेल्या. दुसऱ्याने पाणी मागितलं. मग कुणाची तरी नात आली, पाच-सहा वर्षांची. तिने चाटलं आणि मोठ्याने म्हणाली, "शी! कडूऽऽ!" तिच्या आईने तिला चिमटा काढला, मला म्हणाली, "सॉरी हां काकू, तिला कळत नाही." सगळ्या हॉलमध्ये तेवढ्या एका पोरीला कळत होतं, त्रिवेणी.

केशवराव भले माणूस. त्यांनी एक चमचा घेतला, घसा खाकरला आणि हळूच म्हणाले, "सरोजताई, बहुतेक हा घाणा बिघडलाय. आपण बाटल्या आत ठेवू या का?" मी म्हटलं, "मीच ठेवते."

घरी आल्यावर तुझं पत्र पुन्हा काढलं. रंग छान. चिठ्ठी छान. मेहनत छान. चवीबद्दल त्यात एक शब्द नाही. मला पहिल्यांदाच दिसायला हवं होतं. पण मी ते वाचलं, कारण मला तेच वाचायचं होतं.

तू विचारशील, बये, तू स्वतः चाखला नाहीस का? आता ऐक. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.

मला चव लागत नाही. एकवीस सालच्या तापात गेली ती आलीच नाही. डॉक्टर म्हणाले होते, वास जातो पण जीभ सहसा वाचते. माझी दोन्ही गेली. गोड तेवढं पुसट कळतं, कुणीतरी लांबून हाक मारावी तसं. कडू, आंबट, काही नाही. साडेचार वर्षं मी मीठ काट्यावर तोलून स्वयंपाक करते. आशिष म्हणतो, "आई, तुझ्या हाताची चव कधी बदलत नाही." कशी बदलणार? वजन बदलत नाही.

मग सीताफळाचा जॅमच का? कारण तो या घरात कधी कुणी खाल्ला नव्हता. "पूर्वीसारखा नाही झाला" असं कुणी म्हणू शकलं नसतं. मला एक तरी गोष्ट अशी हवी होती, जिला "पूर्वी" नाही.

त्यासाठी मला तुझी जीभ हवी होती. तू माझ्याशी गोड बोललीस. माझ्यावर उपकार केलेस असं वाटत असेल तुला, तर तसं नाही. तू मला त्या टेबलामागे उभं केलंस.

आशिषला यातलं कळता कामा नये. कळलं तर तो मला स्वयंपाकघरातून बाहेर काढेल आणि कोंडापूरच्या चौदाव्या मजल्यावर नेऊन बसवेल.

सरोज


उदगीर
२० ऑक्टोबर २०२५

सरोज,

आज दिवाळी. सगळे बाहेर रांगोळी बघतायत आणि मी आत पाट घेऊन हे लिहितेय. तुझं पत्र येऊन तीन दिवस झाले. रोज उत्तर लिहायला घेतलं आणि रोज फाडलं.

खरं सांगते. तुझा जॅम कडू होता. आधी गोड, आणि गिळल्यावर घशात कडुनिंबाचा पाला चघळल्यासारखा. विकासने डबा गाईला घातला, ते मला मागून कळलं. रेणू म्हणाली, "आई, कळवू या का त्यांना?" मीच म्हटलं, नको, एवढ्या उत्साहाने केलाय. मला वाटलं, तू चाखला असशील, तुला आवडला असेल, माझंच तोंड खराब असेल. दुसरी बाटली मी मागच्या मोरीत ओतली आणि पाणी सोडलं. तुला खरं हवंय तर एवढं पण घे.

आता मी तीन दिवस का फाडत बसले, ते लिहिते. इथं जेवताना सगळे हसले की मी विचारते, "काय झालं रे?" विकास म्हणतो, "काही नाही, आई." परवा रेणू फोनवर बोलता बोलता रडत होती. विचारलं, तर म्हणाली, "काही नाही." तिच्या वडिलांना दवाखान्यात ठेवलं होतं, ते मला चार दिवसांनी शेजारणीकडून कळलं. ही सगळी प्रेमाची माणसं आहेत. पण ते "काही नाही" मला किती लागतं, ते मलाच माहीत. माणसाला घरातून न काढता बाहेर काढायची रीत आहे ती. आणि मी काय केलं? तेच "काही नाही" बाटलीची तारीफ करून तुला पाठवलं. त्या पोरीच्या आईसारखा मला कुणीतरी चिमटा काढायला हवा होता.

माफी मागत नाही. तुला ती कुठं ठेवायची हा प्रश्न पडेल. त्यापेक्षा काम सांग. पुन्हा कर जॅम. वेगवेगळ्या पद्धतीने कर, लहान लहान बाटल्यांत भर, वर नुसते आकडे टाक. कुठल्यात काय केलंस ते मला सांगू नकोस. मी चाखेन आणि कडू असेल तर कडू लिहीन.

आणि एक. वास येत नाही म्हणजे गॅसचाही येत नाही, सरोज. आशिषला सांग.

त्रिवेणी


तारनाका
२९ ऑक्टोबर २०२५

त्रिवेणी,

पत्र दोनदा वाचलं. मोरीत ओतल्याचं वाचून हसले. तुझ्या घरातलं "काही नाही" मला ठाऊक नव्हतं. एवढ्या वर्षांत मी फोनवर तुला विचारलंही नाही, तू ऐकतेस की नुसती हो म्हणतेस.

असो. कामाला लागले आहे. सहा बाटल्या पाठवते, आकडे टाकून. तुझ्या अटीप्रमाणे कुठल्यात काय ते सांगत नाही. एवढंच सांगते की जुन्या वह्या काढल्या, ओळखीच्या एका प्राध्यापिकेला विचारलं, आणि माझा अडाणीपणा कळला. हे फळ तापवलं की त्याची कडू होण्याची खोड आहे. साठ अंशांच्या पुढे त्याला शिजणं सोसत नाही. म्हणूनच दुकानात हा जॅम नाही. प्राध्यापिका म्हणाल्या, "मॅडम, नक्को, सोडून द्या. लोक गर गोठवतात आणि आइसक्रीम करतात."

सोडून द्या म्हटलं की माझं काय होतं ते तुला माहीत आहे. शिकवत होते तेव्हा बारा काचेची भांडी फोडल्यावर तेराव्यांदा एक प्रयोग जमला होता आणि शाळेने माझ्या पगारातून काच भरून घ्यायचं सोडलं होतं.

गॅसचा विषय नको. साडेचार वर्षं सांभाळलंय.

सरोज


उदगीर
६ नोव्हेंबर २०२५

सरोज,

दोन दिवस पान-सुपारी बंद ठेवली, सकाळी उपाशीपोटी चाखलं, मध्ये मध्ये कोमट पाण्याने चुळा भरल्या. परीक्षकाला शिस्त हवी.

एक नंबर, तोच जुना शत्रू. ओळखला. दोन नंबर जरा कमी, पण दाताखाली वाळू लागते आणि मागून कडू. तीन नंबरात वाळू नाही, कडूपणा थोडा उशिरा येतो, पण येतो. पाहुणा गाडी चुकली म्हणून परत यावा तसा. पाच नंबरात तू काय घातलंस? साबण? रेणूने वास घेतला आणि बाटली दाराबाहेर ठेवली. पाच नंबर पुन्हा करू नकोस, देवाशपथ.

चार नंबर कडू नाही. पण तो जॅमही नाही, पोळीवरून कोपरापर्यंत ओघळला.

आता सहा नंबर. सरोज, मी चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटून बसले. झाडावरून उतरवून पिकवलेल्या फळाचा पहिला घास, तसा. पोळीवर बसतो, ओघळत नाही. शेवटी किंचित तुरट लागतं, पेरूसारखं. विकासने खाल्ला. मी त्याला म्हटलं, "गाईला घालायचा नाही, तोंडाने सांगायचं." तो लाजला आणि म्हणाला, "आई, हा खरंच चांगला आहे." मग त्याने बोटाने वाटी पुसून खाल्ली. हे मी डोळ्यांनी बघितलं.

पण ती बाटली उघडून दोनच दिवस झालेत. आज गुरुवारी झाकण पुन्हा उघडलं तर फुसकन आवाज आला असं रेणू म्हणाली, आणि वरचा थर आंबलाय. म्हणजे टिकत नाही. हेही खरं लिहिलं.

गॅसचं काय?

त्रिवेणी


कोंडापूर, हैदराबाद
१५ नोव्हेंबर २०२५

त्रिवेणी मावशी,

नमस्कार. मी आशिष, सरोजचा मुलगा. माझं मराठी लिहिणं कच्चं आहे, शाळा पूर्ण इंग्लिशमध्ये झाली. प्रियाने चुका काढल्यात, तरी राहिल्या असतील तर समजून घ्या. फोन केला तर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला तुमच्याशी नीट बोलायचं आहे, म्हणून लिहितोय.

मंगळवारी सकाळी आईने पेरूचं काहीतरी शिजायला ठेवलं होतं. ते उतू गेलं, बर्नर विझला, गॅस चालूच राहिला. आई पुढच्या खोलीत काट्यावर साखर तोलत होती. अर्ध्या तासाने पद्मा आंटी कढीपत्ता मागायला आल्या आणि दारातूनच ओरडल्या, गॅस, गॅस. त्यांनी बंद केला, खिडक्या उघडल्या. आईला काही झालं नाही. पण मावशी, आई गॅसच्या वासात पंधरा-वीस पावलांवर बसली होती आणि तिला पत्ताच नाही! तेव्हा तिने सांगितलं, वास नाही, चव पण नाही, इतकी वर्षं. मी एकदम परेशान झालो. पद्मा आंटी यायच्या आधी आईने लाइटचा स्विच दाबला असता तर? मला पुढचं लिहवत नाही.

मी रेग्युलेटर काढून घरी घेऊन आलोय. डबा लावून दिलाय. पुढच्या महिन्यात आईला इकडेच आणणार. ती माझ्याशी बोलत नाही. विचारलं तर एकच वाक्य, "त्रिवेणीला विचार." म्हणून विचारतो. तुम्हाला माहीत होतं का? माहीत होतं तर मला का नाही सांगितलं?

आशिष


उदगीर
१९ नोव्हेंबर २०२५

चि. आशिष,

तुझं पत्र छान आहे, बाळा. चुका दोनच निघाल्या.

मला माहीत होतं. सतरा ऑक्टोबरपासून. तिने सांगू नको म्हटलं होतं. मी तिला दोनदा लिहिलं, तुला लिहायचं राहिलं. ते मी करायला हवं होतं. तू रागावलास तर बरोबर आहे.

रेग्युलेटर काढलास तेही बरोबर. मी असते तर मीही काढला असता. आता पुढचं ऐक.

दोन वर्षांपूर्वी मी भाजी आणायला गेले होते. मागून ट्रॅक्टर आला, मला हॉर्न ऐकू आला नाही. वाचले. त्या दिवशी विकासने हात जोडले, "आई, यापुढे एकटी बाहेर जायचं नाही." तो घाबरला होता, तुझ्यासारखाच. मी कबूल केलं. भाजी घरी यायला लागली. मग किराणा. मग लग्नकार्यात "तुम्ही कशाला त्रास घेता." आज मी मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत जाते. मला कुठलाही ट्रॅक्टर लागणार नाही. पण बाबा, मी वाचले कशासाठी?

तुझ्या आईला गॅस देऊ नकोस. विजेची शेगडी दे, भांडं उचललं की आपोआप बंद होते ती. गॅस आणि धूर कळला की ओरडणारं यंत्र भिंतीला लाव. पद्माबाईंना रोज दोनदा डोकवायला सांग, त्या तशाही डोकावतात. आणि स्वयंपाकघर तिचं तिच्याकडे राहू दे. ती तिथं जॅम करत नाहीये. ती अजून काही शोधून काढू शकते का, ते बघतेय.

सोमवारी सकाळच्या बसने मी येते. एकटी. विकास नको म्हणतोय, म्हणू दे. गौलीगुड्याच्या स्टँडवर उतरेन, माझं सगळं लहानपण त्या भागात गेलंय, मला तिथं कान लागत नाहीत. घ्यायला यायचं असेल तर ये. येताना शेगडी घेऊन ये, ती आधी तारनाक्याला टाकू आणि मग जेवू.

तुझी मावशी,
त्रिवेणी


उदगीर
६ डिसेंबर २०२५

सरोज,

पोचले. बसमध्ये शेजारची बाई चार तास बोलत होती, मी तिला सुरुवातीलाच सांगितलं की मला ऐकू येत नाही. तिला काही फरक पडला नाही.

नऊ दिवस तुझ्या घरी राहिले आणि घर सोडून आल्यासारखं वाटतंय. पहिल्या दिवशी तू आणि आशिष एकमेकांकडे पाठ करून बसला होतात आणि तो त्या नव्या शेगडीची माहिती मला मोठमोठ्याने वाचून दाखवत होता, मला! मी मान डोलवत होते. तू शेवटी वैतागून म्हणालीस, "तिला काय सांगतोस, मला सांग." तिथं तुमचं बोलणं सुरू झालं. मला कान नसल्याचा एवढा उपयोग पहिल्यांदाच झाला.

एक गोष्ट तिथं बोलले नाही, ती लिहिते. आठ नंबर केला त्या दिवशी तू पातेल्यावर वाकून खूप वेळ वाफ घेत होतीस. मी दारात होते. तू डोळे पुसलेस आणि मग पारा बघितलास. मी आत आले नाही. वाटलं, आत आले तर तू म्हणशील, काही नाही.

घरी आल्यावर मी विकास आणि रेणूला समोर बसवलं. म्हटलं, आजपासून या घरात "काही नाही" बंद. हसलात तर कशाला हसलात ते पाटीवर लिहून दाखवायचं. रडलात तरी. रेणूने पाटी घेतली आणि पहिलंच वाक्य लिहिलं, "तुम्ही एकट्या गेलात तेव्हा मी दोन रात्री झोपले नाही." मी खाली लिहिलं, "कळलं. शुक्रवारी बाजाराला जाते." काल गेले. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, पुन्हा डावीकडे बघितलं, आणि मेथीच्या दोन जुड्या घेऊन आले. मेथी जून निघाली. तरी मीच निवडलेली होती.

यंत्र पण कानात घालते आहे. पंखा बंद केला की थोडी माणसं ऐकू येतात.

अकरा नंबरचं काय झालं?

त्रिवेणी


तारनाका
१५ डिसेंबर २०२५

त्रिवेणी,

अकरा नंबर आंबला. पाचव्या दिवशी. बारा नंबर फ्रिजमध्ये पंधरा दिवस राहील असं दिसतंय, आज नववा आहे आणि झाकण गप्प आहे.

पद्धत आता नक्की झाली. पेरू शिजवून त्याचं पाणी गाळायचं, साखर-लिंबू घालून ते पाकावर आणायचं, नेहमीपेक्षा जरा घट्ट. मग गार होऊ द्यायचं. पारा पंचावन्नला आला की सीताफळाचा कच्चा गर त्यात कालवायचा, सालीजवळचा रवाळ भाग सोडून. शिजवायचं पेरूला, सीताफळाला नुसतं मांडीवर घ्यायचं. पेरूला इथं सगळे जाम म्हणतात आणि सासरी गेल्यावर तू "जाम आणा" म्हणालीस तेव्हा उदगीर हसलं होतं, ते आठवलं. तर हा जामचा जॅम, सीताफळ घातलेला. वर्षभर टिकायचा नाही. मी त्याला बाटलीत वर्षभर बसवणार होते, तो पंधरा दिवस बसायला तयार झालाय. यंदा एवढंच. पुढच्या हंगामात बघते त्याच्याकडे.

भिंतीवरचं यंत्र परवा ओरडलं. मी धावत गेले. प्रियाने उदबत्ती त्याच्या खालीच लावली होती. दोघी घाबरलो आणि मग तिथंच ओट्याला टेकून हसत बसलो. कोंडापूरचा विषय आशिषने काढलेला नाही. मीही काढलेला नाही, पण मी त्याला कबूल केलंय की कधी भांडं जळलं, कधी काही विसरले, तर त्याच संध्याकाळी सांगेन. एकदा सांगितलंय. दूध करपलं होतं.

तो हल्ली रविवारी येतो. काल आला तेव्हा बाजारात शेवटची सीताफळं होती, उघडून बघितली तर अर्धी काळी. चार बरी निघाली. त्या चारांचा तेरा नंबर केला. गर तो काढत होता, मी पारा धरला होता. कालवून झाल्यावर त्याच्यापुढे चमचा केला. म्हटलं, "तुझी साखर बंद आहे ना?" म्हणाला, "आई, नियम मोडतो, दे."

त्याने तोंडात घातला. मी त्याचा चेहरा बघत होते. त्रिवेणी, मला आता चेहरे चाखता येतात. त्याच्या कपाळावर इतकी बारीक आठी आली, आली आणि गेली, आणि तो माझ्याकडे बघून हसायला लागला, तेच गोड हसणं, लहानपणी मार्क लपवताना हसायचा तसं. वाटलं, आता म्हणेल, छान झालाय.

तो हसायचा थांबला. चमचा खाली ठेवला.

म्हणाला, "आई, कडू आहे. थोडाच, पण आहे. मी सालीजवळचा गर नीट सोडला नसेन बहुतेक."

मी वही ओढली, तेरा नंबरपुढे "कडू, थोडा" लिहिलं आणि त्याला खाली सही करायला लावली. त्याने मराठीत केली.

फळ संपलं आहे. उद्यापासून संत्री घेते. त्यांच्या सालीचा कडूपणा कुठे थांबवायचा हे मला शोधायचं आहे, तेव्हा पान-सुपारी आत्ताच बंद कर.

सरोज